मटण हाड सोडेपर्यंत

माग्डेबुर्ग, जर्मनी, रविवार रात्र

प्रिय चिऊ,

पुण्याहून आलेला तुझा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी ट्राममध्ये दोनदा ऐकला. मागे कुकरच्या शिट्ट्या, काकूचं हसणं आणि त्या सगळ्यावर तुझा वैतागलेला आवाज. आखाडातला रविवार, सगळे ताटावर बसलेले, आणि तू सांगून टाकलंस की आमच्याकडे मेट खातात : डुकराचा कच्चा खिमा, अर्ध्या पावावर थापलेला, वर कांदा आणि मिरपूड. काकूने "ई" केलं, दादाने ताट तुझ्यापासून लांब सरकवलं, आणि आजीने काही न बोलता तुझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तुझा प्रश्न इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी भरकटलो तर तुला पकडता येईल. "मराठी लोक सगळं इतकं का शिजवतात? कच्चं खाऊन खरंच काही होतं, की आजी उगाच घाबरते?"

पत्र आजी वाचून दाखवत असणार. आई, मध्ये मी एके ठिकाणी थांबायला सांगेन, तिथे खरंच थांब.

आधी दुधाचं बघ. आजी सकाळी पिशवी फोडते आणि दूध वर येईपर्यंत तापवते. तू म्हणालीस की आपण तर खोक्यातून थेट पितो. पिशवीतलं दूधही डेअरीतून 72 अंशांवर पंधरा सेकंद तापवूनच येतं. पण आजी लहान असताना गवळी म्हैस दारात आणून चरवीत दूध काढून द्यायचा. त्या दुधाची तपासणी कोण करणार? ती चुलीवरच व्हायची. गवळी गेला, पिशवी आली, तापवणं राहिलं. आता ते निम्मं सायीसाठी असतं, आणि त्या सायीचं तूप तू रोज वरणभातावर घेतेस, त्यामुळे तक्रार करू नकोस.

मटणाचंही असंच आहे, फक्त थोडं जास्त गुंतागुंतीचं.

दादाबरोबर एकदा रविवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानावर जा. नऊला गेलीस तर रांग रस्त्यावर आलेली असेल. बोकड पहाटे कापलेला असतो, आकड्याला टांगलेला असतो, आणि खाटीक लाकडी ओंडक्यावर तुझ्यासमोर तुकडे करून देतो. मांडी, चाप, थोडी कलेजी, नळी. आजोबा नळी मागून घ्यायचेच. (काही दुकानांवर "बोल्हाईचं मटण" अशी पाटी दिसेल. पुण्याजवळच्या वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घरं शेळी-बोकड खात नाहीत, मेंढीचंच खातात. आपल्याकडे तसं नाही, पण पाटी पाहून गोंधळू नकोस.) आपल्या इथल्या दुकानात स्टेकचं मांस थंड खोलीत आठवडेच्या आठवडे ठेवून मुरवलेलं असतं, तेव्हा ते मऊ पडतं. पुण्याचं मटण सकाळी कापलं आणि दुपारी ताटात. ताजं म्हणजे घट्ट. शिवाय ते हाडाचं, स्नायूंना बांधणाऱ्या चिवट पडद्यांचं. ते पडदे विरघळून रश्शाला चिकटपणा यायला वेळच लागतो, घाई केली तर चावत बस.

आता हिशोब बघ. जंतू मारायला किती लागतं? इथे सांगतात, मांसाच्या अगदी मध्यभागी 70 अंश, दोन मिनिटं. अमेरिकेत कोंबडीसाठी 74 अंश सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, म्हणून तिथे पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या आसपास उकळतं, आणि कुकरात तेच 115-120 पर्यंत जातं. म्हणजे आजीच्या हळद-मिठाच्या पाण्यात त्या छोट्या तुकड्यांचं काम उकळी आल्यावर थोड्याच वेळात झालेलं असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं जंतूंसाठी, उरलेला तास दातांसाठी. आजीला विचारलंस तर ती अंश-बिंश सांगणार नाही, ती म्हणेल, "हाड सोडलं की झालं." मांस हाडापासून सुटतं तेव्हा ते 70 च्या केव्हाच पुढे गेलेलं असतं. तू जे अळणी पाणी वाटीतून प्यायलीस आणि "सूप" म्हणालीस, ते त्यातलंच, मसाला पडण्याआधी मुलांसाठी काढलेलं.

तेव्हा आजी घाबरते का, याचं उत्तर : मटणाच्या बाबतीत नाही. तुझ्या मेटच्या बाबतीत हो, आणि त्यात ती एकटी नाही.

इथून गाडीने तासाभरावर हेडर्सलेबेन नावाचं खेडं आहे. 1865 साली तिथे लोकांनी डुकराचा कच्चा खिमा खाल्ला, आजच्यासारखाच. त्यात ट्रिकिना नावाच्या केसाहून बारीक कृमी होत्या. 300 हून जास्त माणसं आजारी पडली आणि त्यातली शंभराच्या आसपास गेली. एका खेड्यात! बर्लिनचे डॉक्टर रुडोल्फ फिरशो तेव्हा डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासलंच पाहिजे म्हणून मागे लागले होते. हळूहळू तपासणी सक्तीची झाली आणि आजही ती होते. आपला कोपऱ्यावरचा खाटीक खिमा सकाळी काढतो, बर्फासारखा गार ठेवतो आणि त्याच दिवशी संपवतो, ते त्याच्या आवडीनिवडीमुळे नव्हे. मेट खाणारा माणूस धाडसी नसतो, त्याच्या वतीने कुणीतरी आधीच दहा ठिकाणी पहारा दिलेला असतो. पुण्यात तो सगळा पहारा एकट्या आजीच्या गॅसवर आहे.

आणि तरी तो दहा ठिकाणचा पहारा पुरत नाही. ट्रिकिना गेल्या, पण साल्मोनेला आणि यर्सिनिया हे जंतू आहेतच. यर्सिनिया तर फ्रिजच्या गारठ्यातही वाढतो, आणि इथे तो सगळ्यात जास्त पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, मुख्यतः कच्च्या खिम्यातून. म्हणूनच लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांनी मेट खाऊ नये असं इथलं सरकारच सांगतं. तू चार वर्षांची असताना बालवाडीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला मी तुला तो पाव खाऊ दिला होता, कारण सगळेच देत होते आणि मला मागासलेला दिसायचं नव्हतं. तुझ्या आईला हे आज पहिल्यांदा कळणार आहे.

मग स्टेक आतून गुलाबी चालतो तो कसा, हे तू पुढे विचारशीलच. मोठ्या अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, आत सहसा नसतात. वरून नीट भाजलं की काम झालं. पेरूवर धूळ बसली तर ती वरून धुता येते. तोच पेरू न धुता कुस्करलास तर धूळ कुठे कुठे गेली ते शोधता येईल का? खिमा म्हणजे कुस्करलेला पेरू. म्हणून खिमा, कबाब, बर्गरची टिक्की हे आतपर्यंत शिजलेलंच हवं. आणि कोंबडीला स्टेकची सवलत मुळीच नाही, अख्खी असली तरी. तिच्यातला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो.

त्याची माझी ओळख आहे. इथे आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात हॉस्टेलच्या अंगणात आम्ही कोंबडीच्या तंगड्या निखाऱ्यावर भाजल्या. बाहेरून काळ्याकुट्ट, हाडापाशी लालसर. मला वाटलं, हीच इकडची पद्धत असेल. तीन दिवसांनी ताप, पोटात मुरडा, आणि पुढचे पाच दिवस मी खोली आणि संडास एवढंच जग पाहिलं. मी दोष देत होतो आदल्या रात्रीच्या राजम्याला. पोट बिघडलं की माणूस शेवटचं जेवण आठवतो, पण या जंतूला दोन ते पाच दिवस लागतात. डॉक्टरांनी तपासणी केली, आणि मग आरोग्य खात्यातून फोन आला : आठवडाभरात काय काय खाल्लंत? हा आजार इथे कळवावा लागतो. मोडक्या जर्मनमध्ये शौचाचं वर्णन करणं हा माझा पहिला मोठा संवाद. आजीला तेव्हा सांगितलं, "थोडी सर्दी झालीय."

हाच जंतू जानेवारी 2025 मध्ये आजीच्या दाराशी आला होता. तू तेव्हा फोनवर विचारायचीस ना, आजी सारखं पाणी का उकळते? सिंहगड रस्ता, किरकटवाडी, तिथलंच नांदेड गाव, आपल्या धायरीपर्यंत, लोकांच्या हातापायांतली ताकद जायला लागली. गियाँ-बारे नावाचा आजार. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. पोटातल्या जंतूशी लढता लढता शरीराची फौज आपल्याच नसांवर चालून जाते, कारण दोघांचं बाहेरचं आवरण थोडं सारखं दिसतं. बहुतेक जण सावरतात, पण महिने जातात. संशय मुख्यतः पाण्यावर होता, आणि सांगितलं गेलं की पाणी उकळून प्या, अर्धवट शिजलेली कोंबडी खाऊ नका. आजीने पहिलं ऐकलं. दुसऱ्यावर म्हणाली, "अर्धवट शिजवतं कोण?"

आता आई, इथे थांब. पुढचं चिऊला वाचू दे, अक्षरं जोडत का होईना.

चिऊ, आजीच्या दोन गोष्टी चुकतात. एक : ती कोंबडी नळाखाली खळखळून धुते. त्याने जंतू जात नाहीत, उडतात. सिंकवर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर. ते मारायला आच आहेच, धुण्याची गरज नाही. धुतल्याशिवाय तिला चैनच पडणार नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, आणि मग ओटा साबणाने. कोथिंबीर मात्र तीन पाण्यांतून काढते ते अगदी बरोबर. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी मैल्यातून भाजीवर येतात आणि मेंदूत गाठी करून फिट्स आणतात, जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालासुद्धा. दोन : रस्सा रात्रभर ओट्यावर. "मटण दुसऱ्या दिवशी मुरतं," हे मलाही मान्य आहे, पण काही जंतूंची बीजं उकळूनही तग धरतात आणि मोठ्या कोमट पातेल्यात रात्रभर पोसली जातात. दोन तासांच्या आत लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेव. मुरतं तिथेही. हे तू "मला फ्रिज लावायला आवडतं" असं म्हणून कर, माझं नाव घेऊ नकोस.

परत सगळ्यांसाठी.

एक गोष्ट मात्र आजीची मला आता कळली. वशाटाचं पातेलं वेगळं, सुरी वेगळी, पाट वेगळा, आणि जुन्या घरी तर मटणाची शेगडी मागच्या अंगणात होती, देवघरापासून लांब. मी कॉलेजात असताना याची भरपूर टिंगल केली. मग इथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलं तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं काय, तर कच्च्या मांसाचा पाट वेगळ्या रंगाचा, त्यावर सॅलड कापायचं नाही. आजीने ते देवासाठी केलं. काकडीची कोशिंबीर मात्र त्यामुळेच इतकी वर्षं कुणाला बाधली नाही.

आपण कच्चं कधीच खात नाही, हेही खरं नाही हं. तुझे पणजोबा तालमीत जायचे आणि पहाटे दुधात दोन कच्ची अंडी फोडून प्यायचे. नव्वदी पाहिली त्यांनी. दादा हे उदाहरण नक्की देईल, तेव्हा त्याला विचार, जे आजारी पडले त्यांच्या गोष्टी कोण सांगतं? कॅम्पातल्या इराण्याकडे हाफ फ्राय मागवलास तर मी आड येणार नाही, पण बलक थोडा घट्ट करून घे. आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी शोरमा नको. बाहेरचा थर भाजून होण्याआधीच कापून देतात.

परत आल्यावर कुणी मेट पुढे केला तर? तू आता अकराची आहेस, धडधाकट आहेस. मी हिसकावून घेणार नाही, पण मी स्वतः खात नाही हे तुला माहीत आहे. तीन वर्षांच्या छोट्याला मात्र तुझ्या पावाचा घासही द्यायचा नाही. इथे वाटाघाट नाही.

आखाडाचा अजून एक रविवार उरलाय, मग श्रावण. माझ्या वाटची नळी तू घे. ती ताटावर आपटायची नसते, ओठांना लावून ओढायची असते. दादा दाखवेल. आणि येताना कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत बांध, मागच्या वेळी तुझे सगळे कपडे लाल झाले होते.

बाबा