झोपून जमतं, मग वावरात काहून सुटतं?

ताई, तुम्ही विचारलं की दुसऱ्या बाळंतपणापासून शिंक आली, खोकला आला की लघवी सुटते, फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं सांगितलेला आवळायचा व्यायाम गादीवर पडून मस्त जमतो पण कापूस वेचायला गेलं की पुन्हा तेच, तर बसण्या-उभं राहण्याचा याच्याशी काही संबंध असतो का, आणि सासूबाई म्हणतात तसं पोट बांधावं का. संबंध आहे, आणि लय आहे. मी उपकेंद्रात सिस्टर आहे, वावरात जाणाऱ्या बायकांनाच हे शिकवत असते, म्हणून जरा लांबलचक लिहून राहिले.

या व्यायामात आवळतो ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू म्हणजे समोरच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत बांधलेली झोळी समजा. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्या भरवशावर. आपण पडतो तेव्हा हा भार तिच्यावर सरळ येत नाही, उभं राहिलं की येतो, म्हणून उभ्यानं हे स्नायू आपण काही न करताही थोडे आवळलेलेच राहतात. म्हणजे गादीवर तुम्ही जे करता ते बिनभाराचं काम आहे. सुरुवात तिथूनच करायची, कारण पडून नेमकं काय आवळायचं ते कळतं, पण तिथंच थांबलं तर वावरात ते कामी येत नाही. बऱ्याच जणींना पुढचं कोणी सांगतच नाही, कागदावर चित्र काढून देतात झोपलेल्या बाईचं आणि झालं.

आता बसण्याचं, हे वाचता वाचताच करून पाहा. स्टुलावर किंवा ओट्याच्या काठावर बसा, पाठ टेकू नका. आधी मोबाईल पाहताना बसतो तशा पोक काढून, कंबर ढिली सोडून बसा आणि गॅस अडवताना मागची जागा आवळतो तशी आवळा, मग तीच पकड पुढं लघवीच्या जागेपर्यंत न्या. सोडा. आता माकडहाडावरून वजन काढून बुडाच्या दोन हाडांवर ताठ बसा आणि परत आवळा. दुसऱ्या वेळी पकड वर आणि पुढंपर्यंत जाते, बहुतेकींना हा फरक लगेच कळतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली बाळंतपण झालेल्या बायकांवर मशीन लावून हेच मोजलं होतं, टेकून पोक काढून बसल्यावर या स्नायूंचं काम कमी आणि विनाआधार ताठ बसल्यावर जास्त. पोटाचा खोल स्नायू आणि ही झोळी जोडीनं काम करतात, पोक काढलं की दोन्ही ढिले पडतात.

उभं राहण्यात मात्र गंमत आहे. कॅनडातल्या २०११ च्या अभ्यासात कंबरेचा नैसर्गिक बाक मोडून, बूड आत दाबून उभं राहिल्यावर स्नायूंचा काही न करतानाचा ताण वाढलेला दिसला, पण जोर लावून आवळायला सांगितलं तेव्हा स्नायूंचं काम जास्त दिसलं ते नेहमीच्या उभं राहण्यात. म्हणून कोणी म्हटलं की बूड आत खेचूनच उभं राहा तर ऐकू नका. ताण जास्त म्हणजे ताकद जास्त असं नसतं, आधीच अर्धा आवळलेला स्नायू ऐन शिंकेच्या वेळी आणखी किती आवळणार? पायाच्या घोट्याचाही फरक पडतो, चवडे टाचेपेक्षा वर असले की काम वाढतं आणि टाचा उचलल्या की कमी होतं, तैवानमध्ये तपासलंय. आपल्याकडं हाय हील कोण घालून राहिलं वावरात, पण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढाकडं तोंड करून उभ्या राहिलात की चवडे आपोआप वर जातात, उभ्यानं सराव करायला ती जागा चांगली.

आता कापसाचं. वेचताना बाई तासन् तास कंबरेत अर्धी वाकलेली, समोर ओटी भरत चाललेली, ती पुढं ओढते, आणि पोटही ढिलं सोडलेलं. मी बायकांना सांगते की ओटी गच्च भरायची वाट पाहू नका, अर्धी झाली की चुंगड्यात, म्हणजे पोत्यात, टाकून या, तेवढ्या चालण्यात कंबर सरळ होते. मुकरदम कुरकुर करतो, करू द्या. आणि वाकायचं तर पाठीतून नाही, खुब्यातून, गुडघे जरा ढिले ठेवून.

पण लघवी सुटते ती बहुतेक एका क्षणात, चुंगडं उचलताना, पाण्याचा गुंड डोक्यावर घेताना, नाहीतर निंदता निंदता उकिडव्यानं उठताना. त्या क्षणी आपण काय करतो तर श्वास कोंडतो आणि कुंथतो, पोटातला सगळा दाब सरळ खाली. उलट करायचं. आधी आवळा, मग श्वास सोडत उचला. श्वास घेताना ही झोळी जरा खाली येते आणि सोडताना वर जाते, म्हणून सोडताना आवळणं सोपं. शिंक-खोकल्याचंही तेच, येतेय असं कळलं की आधी आवळून धरा आणि वेळच नसेल तर पायाला पाय आढी घालून उभ्या राहा, त्यानंही गळती कमी होते. अमेरिकेत १९९८ साली वयस्कर बायकांना नुसतं हे खोकल्याआधी आवळणं शिकवलं तर आठवड्याभरात गळती बरीच घटली होती, स्नायू एवढ्यात मजबूत होत नाहीत, वेळ साधली एवढंच.

उकिडवं बसणं वाईट नाही हं, संडासला तर तेच बरं, त्यात मागचा स्नायू ढिला पडून वाट सरळ होते, जोर कमी लागतो. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याचं पाहा, रोज कुंथून या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

किती करायचं? एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. पडून जमलं की बसून, मग उभ्यानं, मग वाकून. आवळलं तेवढंच पूर्ण सोडायचं पण, सोडणं विसरतात बायका. लघवी करता करता धार तोडून व्यायाम करायचा नाही. आणि त्या जागी आधीच दुखत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू ढिले नसून आखडलेले असू शकतात, तेव्हा आवळणं बंद ठेवून तपासून घ्या.

अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, संध्याकाळपर्यंत खाली जड पडत असेल, रात्रंदिवस थेंब थेंब गळत असेल, लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर नुसत्या व्यायामावर राहू नका. अंग येण्यावर दरवेळी ऑपरेशनच लागतं असं नाही, आत बसवायची रिंगही मिळते. सेवाग्राम, यवतमाळ, नागपूर जे जवळ पडेल तिथल्या मेडिकल कॉलेजात दाखवा. लाजू नका बाई. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. माझ्या उपकेंद्रात अजूनही बाई तापाची गोळी मागायला येते आणि दारातून परत वळून हळूच हे सांगते.

राहिलं पोट बांधणं. सासूबाईंचं मन मोडू नका, आधाराला सैल पदर गुंडाळला तर चालतं, पण कचकचून बांधलं की पोटातला दाब खालीच जाणार, आणि तुमची तक्रार खालचीच आहे. उचला-उचलीच्या दिवशी तर बांधूच नका. उभ्यानं करताना कुठं अडलं तर इथंच लिहा, झोपून किती वेळ धरता येतं तेही सांगा म्हणजे पुढचं सांगता येईल.