मामाचे दात स्वप्नात पडले आणि मामा गेला

प्रश्न : ताई, माझं वय ३४, साताऱ्याकडे राहते. मला पुढचं स्वप्नात दिसतं असं घरचे म्हणतात, आता मलाही तसंच वाटायला लागलंय. दिवाळीच्या आधी स्वप्नात मामाचे सगळे दात गळून त्याच्या हातात आलेले दिसले आणि आठ दिवसांत मामा हार्ट अटॅकने गेला. त्याची आधी अँजिओप्लास्टी झाली होती पण तसा ठीक होता. मी कोणाला बोलले नव्हते, सांगितलं असतं तर वाचला असता का, हे डोक्यातून जातच नाही. दीर तर रोज चहा घेताना विचारतो, वहिनी आज कुठला नंबर दिसला, लॉटरी काढतो. आता परवा पहाटे मुलाच्या सहलीची बस घाटात उलटलेली दिसली. सहल पुढच्या शुक्रवारी आहे. पाठवू की नको?

उत्तर : अगं, आधी दिराला सांग की नंबर दिसला असता तर मी तुला कशाला सांगितला असता!

आता मामाचं. तुला ब्रिटनमधल्या वेल्सची एक खरी घटना सांगते. अबरफॅन नावाचं खाणीचं गाव, २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावर रचलेला कोळशाच्या खाणीचा कचरा पावसाने भिजून खाली घसरला आणि शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. त्यात दहा वर्षांची एक मुलगी होती, तिने आदल्या दिवशी आईला सांगितलं होतं म्हणे, की मी स्वप्नात शाळेत गेले तर शाळाच नव्हती, सगळ्यावर काहीतरी काळं पसरलं होतं. वाचताना अंगावर काटा येतो ना? माझ्याही आला. जॉन बार्कर नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ तिथे गेले होते, त्यांनी लंडनच्या पेपरातून विचारलं की असं आधी कोणाला जाणवलं होतं का, तर ७६ उत्तरं आली.

पण ही सगळी उत्तरं घटना घडून गेल्यावर आलेली. म्हणून बार्करनी १९६७ मध्ये लोकांना सांगितलं की आता घडायच्या आधी कळवा, आम्ही तारीख टाकून ठेवतो. शेकडो भाकितं जमली, जुळली ती मोजकीच, आणि त्यातलीही बरीचशी दोनच जणांची. त्या दोघांनी पुढे बार्करनाच सांगितलं की तुमच्या जिवाला धोका आहे, आणि १९६८ मध्ये ते मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, वय फक्त ४४! गंमत बघ, गंमत कसली म्हणा, भविष्य ऐकून घाबरूनच माणूस मरू शकतो का याचाच अभ्यास ते करत होते. म्हणून मामाला सांगितलं असतं तर वगैरे मनातून काढून टाक. काय सांगितलं असतंस, तुझे दात पडलेले दिसले म्हणून? ते ऐकून त्याचं बीपी वाढलं असतं, दुसरं काय. त्याच्या हार्टचं तर घरात सगळ्यांना माहीत होतं, तुलाही होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि दात पडले की घरातलं कोणी जातं हे आपण लहानपणापासून ऐकतो, मग काळजी त्याच कपड्यात येणार ना.

आणि दुसरं म्हणजे माणूस रोज रात्री साधारण दोन तास स्वप्नं बघतो, बहुतेक सकाळी आठवतही नाहीत. समजा स्वप्न जुळायचा चान्स दहा लाखात एक धरला तरी आपल्या महाराष्ट्रात, २०११ च्या जनगणनेत ११ कोटींच्या वर होतो आपण, रोज शंभरेक जणांचं जुळेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. रामायणातली त्रिजटा आठव, सीतेवर पहारा करणारी राक्षसी, तिला स्वप्नात गाढवं जुंपलेल्या रथातून दक्षिणेला निघालेला रावण दिसला, पण ती लंकेतच राहत होती, रावणाचं काय चाललंय ते दिवसाढवळ्या बघत होतीच की.

अबरफॅनमध्येही तेच. तो काळा ढीग शाळेच्या वर सगळ्यांना दिसत होता, १९६३ मध्येच तिथल्या इंजिनिअरने शाळेला धोका आहे असं पत्र लिहिलं होतं, ढिगाखाली झरे होते. त्या पत्राकडे कोणी लक्ष दिलं नाही. मला स्वप्नापेक्षा त्या पत्राचाच जास्त त्रास होतो.

तर बसचं असं कर, उद्याच शाळेत जा. गाडी कुठली, फिटनेस आहे का, सीट किती आणि मुलं किती कोंबणार, घाट रात्री उतरणार का, ड्रायव्हर एकच आहे का, सगळं विचार, लाजू नकोस. उत्तरं धड मिळाली तर पाठव, नाही मिळाली तर स्वप्न पडलं नसतं तरी पाठवू नको म्हटलं असतं मी. आणि एक दोनशे पानी वही घे, उठल्या उठल्या तारीख घालून स्वप्न लिही, न जुळलेलीसुद्धा, मे महिन्यात मला कळव किती जुळली. झोपच लागत नसेल, सारखी धडधड होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.

मामीला त्या दातांचं सांगू नकोस.