आशाताईंच्या थकव्याचे सर्वेक्षण: प्रश्नावली ठरवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील आपल्या तालुक्यातल्या आशा, गटप्रवर्तक, आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक यांच्या मानसिक स्वास्थ्याचे आणि बर्नआउटचे, म्हणजे कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याचे, सर्वेक्षण करायचे असल्याचे आपण लिहिले आहे. त्यासाठी बर्नआउट मोजणारी मास्लाक प्रश्नावली आणि नैराश्याची चाचपणी करणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ एकत्र करून गूगल फॉर्म तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला तर चालेल का, आणि किती जणांची उत्तरे पुरेशी होतील, हे आपले दोन प्रश्न आहेत. फॉर्मवर नाव आणि मोबाइल क्रमांक सक्तीचे ठेवल्याचेही आपण सांगितले आहे. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत अशा काही पाहण्या मी केल्या आणि त्यातल्या काही साफ फसल्या, म्हणून नमुन्याच्या आकड्याकडे नंतर येतो. आधी त्या नावाच्या रकान्याविषयी.

आमच्या पहिल्या पाहणीत आम्ही छापील फॉर्म मासिक सभेत वाटले. एकाच दिवशी सगळ्या जणी भेटतात, चहापाण्याची सोय असते आणि प्रवास वाचतो, एवढाच विचार त्यामागे होता. पर्यवेक्षक खोलीतच बसून होते; त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कोणाकडे रोखून पाहिले नाही. तरीही गोळा झालेल्या जवळजवळ सर्व फॉर्मवर ‘कधीच नाही’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत खुणा होत्या. त्याच जणी दुपारी बाहेर झाडाखाली बसून ज्या भाषेत बोलत होत्या, त्यातले एक अक्षरही त्या कागदांवर उमटले नव्हते. मोबदल्याचे बिल ज्यांच्या सहीने पुढे सरकते त्यांच्या समोर ‘मला कामाचा वैताग आला आहे’ असे कोणी लिहून देत नाही, हे आम्हाला आधीच सुचायला हवे होते. व्हॉट्सॲप गटात आणि नाव सक्तीचे असलेल्या फॉर्ममध्ये हीच सभा मोबाइलवर भरते, एवढाच फरक. त्या गटात तालुका आरोग्य अधिकारीही असतात.

केवळ नाव काढून टाकल्यानेही भागत नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी एकच असतो, आरोग्य सेविका एक किंवा दोन आणि आरोग्य सेवक बहुधा एक. पद, उपकेंद्र आणि वय हे तीन रकाने भरले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. त्यामुळे उपकेंद्र विचारू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतच थांबा, वय पाच-दहा वर्षांच्या गटांत घ्या, आणि ज्या गटात दहापेक्षा कमी माणसे येतील त्या गटाचे आकडे अहवालात स्वतंत्र देऊ नका. गूगल फॉर्मच ठेवायचा असेल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद असल्याची स्वतः खात्री करा. माझे मत विचाराल तर कागदी फॉर्म, बंद पाकीट आणि कुलूपबंद पेटी हाच मार्ग आजही अधिक विश्वासाचा वाटतो, कारण पेटी कोणाच्या ताब्यात आहे हे डोळ्यांना दिसते. आणि ती आपल्या ताब्यात नसावी. आपण स्वतः त्यांच्या कामावर देखरेख करता, म्हणून फॉर्म वाटणारी व्यक्ती बाहेरची असणे आवश्यक आहे. लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाला सोबत घेतले, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मदत आणि नीतिशास्त्र समितीची मान्यता ही दोन्ही कामे एकाच दारी होऊ शकतात.

परवानगीच्या पत्राबाबत एक सावधगिरी बाळगावी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे पत्र मिळाले की ते खाली उतरता उतरता ‘सर्वांचे फॉर्म भरून घेऊन अनुपालन अहवाल सादर करावा’ असे रूप घेते, आणि ऐच्छिक सहभागाची संमती तिथेच संपते. सहभाग ऐच्छिक आहे आणि कोणी फॉर्म भरला याची माहिती मागवू नये, ही दोन वाक्ये मूळ पत्रातच घालून घ्या.

आता प्रश्नावलीविषयी. मास्लाक प्रश्नावलीचे मूळ रूप १९८१ चे आहे. तिच्यात २२ विधाने असून भावनिक थकवा, लोकांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत असल्याची जाणीव, असे तीन भाग आहेत. मात्र ती वापरण्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो, आणि इंटरनेटवर सापडलेली प्रत छापून वाटणे योग्य नाही. दुसरी अडचण मला अधिक मोठी वाटते. लोकांशी आपण वस्तूंशी वागावे तसे वागतो का, अशा आशयाचा भाग शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला लागू पडेल. आशेच्या यादीतली गरोदर माता मात्र तिची जाऊ असते, नाहीतर शेजारच्या घरातली सून. ती असे कबूल करणार नाही, आणि बहुतेक वेळा तसे खरेही नसते. कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १९ प्रश्न आहेत, ती विनामूल्य वापरता येते आणि तिचे वैयक्तिक, कामाशी संबंधित व सेवा घेणाऱ्यांशी संबंधित असे तीन भाग सुटे काढता येतात. आशांसाठी पहिले दोन भाग, म्हणजे १३ प्रश्न, पुरेसे आहेत. स्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ सूची जोडा. तिच्यात मागील दोन आठवड्यांविषयी विचारले जाते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण असतात आणि २५ पैकी १३ पेक्षा कमी गुण आल्यास स्वास्थ्य खालावले असल्याचे समजतात. गुण मोजताना लक्षात ठेवा की डब्ल्यूएचओ-५ मध्ये जास्त गुण चांगले आणि कोपनहेगनमध्ये जास्त गुण वाईट. शिवाय कोपनहेगनच्या कामाविषयीच्या भागात कुटुंबासाठी ताकद उरते का, हा एक प्रश्न उलट मोजावा लागतो. ही चूक एका प्रबंधात मी छापून आलेली पाहिली आहे.

खरे कष्ट भाषांतराचे आहेत आणि तिथे घाई करू नका. ‘तुम्हाला थकवा येतो का?’ असे विचारले की आशाताई आपल्या हिमोग्लोबिनविषयी सांगू लागते, कारण हाच प्रश्न ती स्वतः गरोदर मातांना रोज विचारते आणि लगेच लोहाच्या गोळ्या काढते. ‘सकाळी उठल्यावर आजच्या कामाचा विचार करूनच गळून गेल्यासारखे वाटते का?’ असे विचारले की उत्तर बदलते. ‘कामाचा दिवस संपल्यावर’ या शब्दांवर एक जण हसून म्हणाली होती, “संपतो कुठं दिवस?” रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईसोबत १०२ च्या गाडीत बसणारीला हा प्रश्न ‘रात्री अंथरुणावर पडल्यावर’ असाच विचारावा लागतो. फावल्या वेळाचेही तसेच. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत फावला वेळ म्हणजे दुसऱ्याच्या रानातली मजुरी. डब्ल्यूएचओ-५ मध्ये रोजचे जगणे आवडीच्या गोष्टींनी भरलेले होते का, असा प्रश्न आहे. शब्दशः भाषांतर केल्यास त्याला छंद समजले जाते आणि सगळ्या जणी ‘कधीच नाही’ लिहितात. ‘जीव रमेल असे काही दिवसभरात घडले का’ ही वाक्यरचना आमच्याकडे चालली. एकाने मराठी करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यावे, आणि मग शेजारच्या तालुक्यातील सात-आठ जणींना एकेक प्रश्न वाचून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे. त्यांच्या तोंडचे शब्द वहीत उतरून घ्या. ‘कामावर जावंच वाटंना’, ‘डोकं बंद पडल्यागत होतंय’ हे शब्द ‘भावनिक शोष’ या आपल्या पुस्तकी शब्दापेक्षा नेमके आहेत.

पीएचक्यू-९ मात्र वगळावी, असा माझा आग्रह आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. निनावी फॉर्मवर त्याचे उत्तर ‘होय’ आले तर त्या व्यक्तीपर्यंत आपण पोहोचू शकत नाही, आणि नाव घेतले तर खरे उत्तर मिळत नाही. मराठवाड्यातील अनेक आशांनी शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या प्रेरणा प्रकल्पात शेतकरी कुटुंबांच्या मनःस्थितीची विचारपूस स्वतः केलेली आहे. कोणत्या उत्तरानंतर काय होते हे त्या जाणतात आणि त्यानुसार खूण करतात. पीएचक्यू-९ ऐवजी प्रत्येक फॉर्मसोबत, उत्तर काहीही असो, टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी द्या आणि ती घरी नेता येईल अशी सुटी ठेवा. तसेच जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटला कामाशी निगडित स्थिती मानले आहे, आजार मानलेले नाही. म्हणून अहवालात ‘इतक्या टक्के आशा मानसिक रुग्ण’ असे वाक्य चुकूनही येऊ देऊ नका. स्थानिक वर्तमानपत्र ते उचलेल आणि पुढची पाहणी दहा वर्षे कोणी करू देणार नाही.

कारणे शोधायची असतील तर कामाविषयीचे प्रश्न मोजता येतील असे ठेवा. ‘मोबदला वेळेवर मिळतो का?’ यापेक्षा ‘शेवटचा मोबदला कोणत्या महिन्याचा मिळाला?’ हे विचारा. मागच्या आठवड्यात किती ॲपमध्ये नोंदी केल्या, तीच माहिती वहीतही लिहावी लागली का, मोबाइलचे रिचार्ज कोणाच्या पैशातून झाले, रात्री किती वेळा जावे लागले, हे विचारा. दवाखान्यात प्रसूती झाली तरी बाळाच्या सहा गृहभेटी ठरलेल्या असतात. त्यातल्या किती भेटींना घरी कोणी सापडले नाही, हाही प्रश्न आपल्याकडे आवश्यक आहे, कारण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या मातांची नावे यादीत ‘प्रलंबित’ म्हणून राहतात आणि सभेत बोलणी आशेला बसतात. आरोग्य सेवकांसाठी हा भाग वेगळा करावा लागेल. ओटी टेस्ट (पाण्यातील क्लोरीनची तपासणी), टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) आणि हिवतापासाठीच्या रक्तनमुन्यांचे उद्दिष्ट यांचा ताण वेगळ्या जातीचा आहे.

कामाचा ताण असा हंगामाप्रमाणे बदलतो, म्हणून पाहणीचा महिना महत्त्वाचा. पोलिओ मोहिमेचा आठवडा आणि मार्चअखेर टाळा. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाला तसा आशांचा संप सुरू असताना तर मुळीच नको, कारण तेव्हाची उत्तरे मागण्यांची भाषा बोलतात. जमल्यास ऑगस्ट आणि जानेवारी अशी दोनदा घ्या.

आता आपला आकड्याचा प्रश्न. ५० टक्के प्रमाण, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली की पुस्तकी उत्तर ३८४ येते. तालुक्यात समजा १८० आशा असतील तर मर्यादित संख्येची दुरुस्ती लावून ते १२३ वर उतरते. पण १८० मधून १२३ निवडण्याचा खटाटोप कशासाठी? सगळ्यांनाच फॉर्म द्या. ‘मलाच का निवडले’ ही शंकाही मिटते. संपूर्ण जिल्हा घेतला, आशा १५०० धरल्या, तर ३०६ पुरतात. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडून त्यांतून आशा घ्यायच्या असतील तर एकाच केंद्रातल्या उत्तरांत साम्य असते, म्हणून आकडा दीडपट तरी करा. आणि ज्यांनी काम सोडले त्या कोणत्याच नमुन्यात येत नाहीत. मागील दोन वर्षांत ज्या गावांत जागा रिकामी झाली त्यांची यादी काढून, त्यांतल्या पाच-सहा जणींना त्यांच्या घरी, त्यांची तयारी असेल तर, भेटून या. आमच्या दुसऱ्या पाहणीत सर्वांत स्पष्ट बोलणे त्याच घरांतून मिळाले, कारण बिलावर सही करणारे आता त्यांच्या आयुष्यात कोणी नव्हते.

मराठी मसुदा तयार झाला की इथे टाका; वाक्ये तपासून देईन.