क्लबला खुले पत्र लिहिले आणि नोटीस आली : फुटबॉल समर्थकांनी आता काय करावे?

प्रश्न : आम्ही एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचे जुने समर्थक आहोत. आमचा सुमारे तीनशे जणांचा गट आहे, त्याची कुठेही नोंदणी झालेली नाही आणि पत्रव्यवहार मी पाहतो. या मोसमात क्लबने मोसमी पास विकले आणि त्यानंतर घरच्या मैदानावरचे उरलेले सामने दुसऱ्या शहरात हलवले. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येत आहेत. अकादमीसाठी जाहीर झालेल्या निधीचे काय झाले, हेही कुणी सांगत नाही. ईमेलना उत्तर न मिळाल्याने आम्ही व्यवस्थापनाला खुले पत्र लिहून समाजमाध्यमांवर टाकले. त्यात ‘अकादमीच्या मुलांचा पैसा संचालकांनी खाल्ला’ असे एक वाक्य होते. त्यावर क्लबने माझा पास रद्द केला आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली की, सात दिवसांत बिनशर्त माफी मागून पत्र काढून टाकावे, अन्यथा फौजदारी खटला आणि नुकसानभरपाईचा दावा दाखल होईल. पुढच्या सामन्याला निषेधाचा फलक लावण्याचे गटात ठरत आहे. मी माफी मागावी का? आणि क्लबकडे हिशेब मागण्याचा आम्हाला काही हक्क आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रात तुम्ही एकाच वेळी तीन नात्यांनी बोलला आहात. पास विकत घेणारा ग्राहक म्हणून, जाहीर टीका करणारा नागरिक म्हणून आणि क्लब आपलाच आहे असे मानणारा, जवळजवळ भागधारकासारखा माणूस म्हणून. पहिल्या नात्यात कायदा तुमच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम उभा आहे, दुसऱ्यात शब्द जपून वापरल्यास संरक्षण देतो, आणि तिसऱ्यात आपल्याकडे तो तुम्हाला जवळपास काहीच देत नाही. ही तीन नाती वेगळी केली नाहीत, तर दुबळ्या मागणीमुळे भक्कम मागणीही वाया जाते. क्लबच्या वकिलांनी नेमके तेच साधले आहे : सगळ्या पत्रातून त्यांनी एकच वाक्य उचलले आणि हलवलेल्या सामन्यांविषयी अवाक्षर काढले नाही.

प्रथम नोटिशीविषयी, कारण तिच्यावर तारीख आहे. सात दिवसांची मुदत कोणत्याही कायद्याने घातलेली नाही, ती क्लबच्या वकिलांनी ठरवलेली आहे. ती उलटली म्हणून तुमच्यावर आपोआप काही शाबीत होत नाही. तरीही गप्प राहणे शहाणपणाचे नाही, कारण पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच तर ‘नोटीस मिळूनही खुलासा केला नाही’ हे वाक्य तक्रारीत हमखास येते. उत्तर वकिलामार्फत, लेखी आणि पोहोच मिळेल अशा रीतीने द्यावे, आणि तोवर नोटिशीचे छायाचित्र गटावर टाकून तिच्यावर चर्चा रंगवू नये.

आता त्या एका वाक्याकडे वळू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. ‘पैसा खाल्ला’ हे बोलीत रागाचे वाक्य असले तरी कायद्याच्या नजरेत ते अपहाराचे विधान आहे. ते मत ठरत नाही, वस्तुस्थितीविषयीचे कथन ठरते. ते खरे होते आणि लोकहितासाठी सांगणे आवश्यक होते, असा बचाव तुम्ही घेऊ शकता. परंतु अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो आणि तुमच्या हातात आज त्या निधीचा एकही कागद नाही. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा नव्हे.

याउलट पत्रातील बाकीचा मजकूर, म्हणजे संघनिवड चुकली, प्रशिक्षक बदलण्याची घाई झाली, व्यवस्थापन उत्तर देत नाही, सामने हलवताना समर्थकांना विचारले नाही, हा सगळा मत आणि प्रश्न या स्वरूपाचा आहे. लोकांच्या निवाड्यासाठी सादर झालेल्या कामगिरीवर सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला ३५६ च्या अपवादांत स्पष्ट संरक्षण आहे. म्हणून बिनशर्त माफी मागू नये आणि संपूर्ण पत्रही काढू नये. माझा सल्ला असा की, ते एक वाक्य मागे घ्यावे आणि त्याच्या जागी असे वाक्य घालावे : ‘अकादमीसाठी जाहीर केलेल्या निधीचा विनियोग कसा झाला, याचा खुलासा आम्ही लेखी मागितला होता, तो आजवर मिळालेला नाही.’ दुरुस्तीची तारीख पत्राखाली नोंदवावी. नव्या वाक्यातला प्रत्येक शब्द तुमच्याकडच्या ईमेलवरून सिद्ध करता येतो, आणि खरे सांगायचे तर व्यवस्थापनाला तेच वाक्य जास्त अडचणीचे आहे. क्लबने तयार करून पाठवलेल्या माफीनाम्यावर मात्र सही करू नये. त्यात ‘आम्ही जाणूनबुजून खोटा मजकूर पसरवला’ अशा धाटणीची कबुली दडलेली असते आणि दिवाणी दाव्यात पुढे तीच पुरावा म्हणून उभी राहते.

फौजदारी खटल्याची भीती किती बाळगावी? बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे क्लबच्या सांगण्यावरून पोलीस थेट घरी येऊन अटक करतील, ही धास्ती सोडून द्या. क्लबला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतः तक्रार करावी लागेल आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २२३ नुसार दखल घेण्यापूर्वी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागेल. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. सुनावणीपूर्वीच मजकूर हटवण्याचा अंतरिम आदेश क्लब मागेल, पण असे आदेश अपवादानेच द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी या माध्यम कंपन्यांमधील प्रकरणात बजावले आहे. गटातील इतरांच्या मजकुराविषयीही तुम्हाला काळजी वाटत असणार. व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या संदेशाला जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. मात्र खुल्या पत्राखाली ज्यांची नावे आहेत, ते सर्व त्याचे कर्ते आहेत, त्यामुळे दुरुस्तीसाठी त्यांचीही लेखी संमती घ्यावी.

मोसमी पासाचा मुद्दा हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि पत्रात तुम्ही तो शेवटच्या परिच्छेदात टाकला आहे. प्रेक्षकाचे तिकीट म्हणजे मैदानात येण्याची परवानगी, आणि जागेचा ताबा असणारा ती परवानगी काढून घेऊ शकतो, हे जुने तत्त्व आजही लागू आहे. पण मोबदला घेऊन दिलेली परवानगी, परवानाधारकाचा दोष नसताना आणि तिचा पूर्ण उपभोग घेण्याआधी काढून घेतली, तर त्याला भरपाई मिळण्याचा हक्क आहे, असे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचे कलम ६४ सांगते. म्हणजे बंद दार उघडून मिळणे कठीण, पण उरलेल्या सामन्यांचे पैसे परत मागणे सोपे. क्लब पासामागच्या अटी दाखवेल : ‘कोणतेही कारण न देता पास रद्द करण्याचा अधिकार क्लबकडे राखीव आहे.’ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट अनुचित कराराचे उदाहरण म्हणून दिलेली आहे. एक तांत्रिक बाब लक्षात ठेवा की, अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते. त्यामुळे जिल्हा आयोगात जायचे असेल तर तक्रारीचा भर सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर ठेवावा.

सामने हलवण्याविषयी तर एकट्या तुमचीच नव्हे, प्रत्येक पासधारकाची तक्रार होऊ शकते. पास विकताना केलेली जाहिरात शोधून काढा. तीत ‘घरच्या मैदानावरील सर्व सामने’ असे शब्द असतील, तर सामने दुसरीकडे नेऊन पैसे ठेवून घेणे याचे समर्थन करणे क्लबला जड जाईल. पोलीस बंदोबस्त मिळाला नाही, मैदान उपलब्ध नव्हते, असे कारण क्लब पुढे करेल आणि ते खरेही असू शकेल, परंतु त्याने फार तर सामना हलवण्याचे समर्थन होते, परतावा नाकारण्याचे नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सर्व पासधारकांच्या वतीने एकच तक्रार करायची असल्यास कलम ३५(१)(ग) खाली आयोगाची परवानगी घ्यावी. अटींमध्ये लवादाचे कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचांकडे नेण्याची अट, असली तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. फुकट मिळालेल्या पासांना मात्र यातले काहीच लागू नाही. तसेच संघ सलग हरला, लाडका खेळाडू विकला, ही सेवेतील त्रुटी नव्हे. ती असती तर आयोगांना दुसरे काम उरले नसते.

हिशेबाकडे येऊ. क्लब खासगी कंपनी असेल, तर समर्थक म्हणून तुम्हाला संचालक मंडळाला जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क नाही. जर्मनीतील क्लबांत सदस्यांकडे मतांचे बहुमत राखण्याचा नियम आहे आणि इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने समर्थकांशी सल्लामसलत करण्याचे बंधन क्लबांवर आणले आहे. आपल्याकडे तसे काही नाही. आपल्या २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याचा रोख क्रीडा महासंघांवर आहे. माहितीचा अधिकारही खासगी क्लबला लागू होत नाही, तेव्हा त्या अर्जात वेळ घालवू नका.

पण हक्क नसला तरी कागद आहेत. कंपनीचा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकांकडे दाखल होतात आणि कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३९९ नुसार कुणीही शुल्क भरून ते पाहू शकतो. त्यात नफातोट्याच्या आकड्यापाशी थांबू नका. लेखापरीक्षकांचा अहवाल वाचा, मग मागील टिपांमध्ये ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ (म्हणजे संचालक किंवा त्यांच्या इतर कंपन्या यांच्याशी झालेले व्यवहार) हे शीर्षक शोधा आणि कर्मचाऱ्यांची देणी व वैधानिक देणी थकली आहेत का ते पाहा. एक मर्यादा आहे : ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे हिशेब साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंतच्या वार्षिक सभेनंतर दाखल होतात, त्यामुळे या मोसमातला पैसा कागदावर दिसायला वेळ लागेल. अकादमीच्या निधीचा माग मात्र दुसऱ्या बाजूनेही लागू शकतो. तो एखाद्या प्रायोजक कंपनीने कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) तरतुदीखाली दिला असेल, तर त्या कंपनीला संचालक मंडळाच्या अहवालासोबत त्याचा तपशील द्यावा लागतो आणि प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्या तरतुदीत बसते, जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व बसत नाही. देणाऱ्याच्या हिशेबातली रक्कम आणि घेणाऱ्याच्या हिशेबातली रक्कम शेजारी ठेवली, की तुमचा प्रश्न आपोआप टोकदार होतो. खेळाडूंच्या पगारासाठी तुम्ही दावा लावू शकत नाही, ती दाद खेळाडूंनी महासंघाच्या यंत्रणेकडे मागायची असते. थकीत देणी हा महासंघाच्या क्लब परवाना पद्धतीतला एक निकष आहे, तेव्हा महासंघाच्या परवाना विभागाला नेमस्त शब्दांत पत्र लिहायला हरकत नाही.

गटाची नोंदणी करा. सात जण मिळून संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली ती करू शकतात. नोंदणी नसलेल्या गटाला स्वतःच्या नावाने दावा करता येत नाही आणि नोटीस नेहमी एका माणसाच्या घरी येते, हे तुम्ही अनुभवतच आहात. संस्थेच्या नावात किंवा बोधचिन्हात क्लबचे नाव वा चिन्ह घेऊ नका, नाहीतर पुढची नोटीस व्यापारचिन्हाची असेल.

फलकाविषयी थोडक्यात. आत काय न्यावे हे प्रवेशाच्या अटींवर ठरते आणि रखवालदाराशी हुज्जत घालून काही साधत नाही. बाहेर रस्त्यावर जमायचे असेल तर पोलिसांना आधी लेखी कळवा आणि जमावबंदीचा आदेश लागू नाही याची खात्री करा. कुणा संचालकाचे नाव, चेहरा किंवा ‘चोर’ हा शब्द फलकावर नको. आणि मैदानात उतरणे तर नकोच. तिकीट न काढणे, हा निषेधाचा असा प्रकार आहे की ज्यावर कोणताही वकील नोटीस काढू शकत नाही.

कायदा हात टेकतो तिथे संघटित चिकाटी कामी येते, याचे आपल्याच देशातले उदाहरण कोलकात्याचे आहे. २०२० मध्ये मोहन बागान या जुन्या क्लबच्या नावाआधी ‘एटीके’ हे नव्या मालकांच्या आधीच्या क्लबचे नाव लागले, समर्थकांनी ते हटवण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, मार्च २०२३ मध्ये विजेतेपदानंतर मालकांनी ते काढण्याची घोषणा केली आणि १ जूनपासून नवे नाव आले. त्यासाठी कुठल्या न्यायालयाचा हुकूम लागला नाही.

नोटिशीच्या उत्तरातच व्यवस्थापनाला भेटीचा प्रस्ताव द्या : तिघांचे शिष्टमंडळ, आधी पाठवलेले तीन प्रश्न, आणि दोन्ही बाजूंच्या सहीचे इतिवृत्त. चर्चेपूर्वी गोपनीयतेच्या करारावर सही मागितली, तर तो आधी वकिलाला दाखवा, आणि चर्चा सुरू आहे म्हणून ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत थांबत नाही, हे ध्यानात ठेवून पासाची पावती, जाहिरातीचे छायाचित्र आणि रद्द केल्याचा ईमेल यांची फाइल आजच करून ठेवा.