‘शॉर्ट सर्किट शर्यत’ की ‘क्रिटेरियम’? आणि ‘रेषा धरा’ म्हणजे काय?

प्रश्न असा आहे. एका सायकल क्लबच्या पत्रकासाठी तीन ओळी इंग्रजीतून भाषांतरित केल्या आहेत : ‘नवोदितांसाठी शॉर्ट सर्किट शर्यत. आपली रेषा धरून ठेवा. प्राइम जिंकणाऱ्यास रोख बक्षीस.’ हे मराठी बरोबर आहे का? आणि ‘क्रिटेरियम’ला, म्हणजे छोट्या बंद मार्गावर फेऱ्या मारायच्या या सायकल शर्यतीला, ‘वर्तुळाकार शर्यत’ किंवा ‘रिंगण शर्यत’ म्हटलं तर चालेल का?

तिन्ही ओळी बदलायला हव्यात, पण तिघींची कारणं वेगळी आहेत.

मराठीत ‘शॉर्ट सर्किट’ म्हटलं की वायरिंग, ठिणगी आणि आग. बातम्यांनी हा अर्थ इतका पक्का केला आहे की शर्यतीचा अर्थ वाचकाच्या डोक्यात यायला जागाच उरलेली नाही. ‘वर्तुळाकार’ची अडचण निराळी. हा मार्ग बंद असतो, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत येतो, पण तो गोल नसतो. शहरातले चार-पाच रस्ते वाहनांसाठी बंद करून तो आखतात आणि त्याला कोपरे असतात. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे एक फेरी ८०० मीटर ते ५ किलोमीटर असावी आणि रस्ता कुठेही ७ मीटरपेक्षा अरुंद नसावा. ‘रिंगण’ हा शब्द मला फार आवडतो, पण वारीत अश्व धावतो त्या गोल रिंगणाला कोपरा नसतो. या शर्यतीचा जीव तर कोपऱ्यातच आहे. जो शब्द कोपरा पुसून टाकतो तो इथे नको.

मग मूळ शब्द काय सांगतो? फ्रेंच ‘क्रितेरिओम’ लॅटिनमधून आला आणि लॅटिनने तो ग्रीक ‘क्रितेरिओन’वरून घेतला. अर्थ : ज्याने पारख करायची ते साधन. त्याच्या मुळाशी ‘निवडणे, निवाडा करणे’ या अर्थाचं क्रियापद आहे. इंग्रजीतला ‘क्रायटेरियन’ याचाच भाऊ, आणि त्याला आपण ‘निकष’ म्हणतो. आता गंमत बघा : संस्कृतात ‘निकष’ म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड, आणि त्याच घासण्याच्या ‘कष्’ धातूपासून, ‘कषपट्टिका’वरून, आपली ‘कसोटी’ झाली. म्हणजे ‘क्रिटेरियम’चं नेमकं मराठी ‘कसोटी’! पण ‘कसोटी’ क्रिकेटने केव्हाच उचलली आहे. ‘पुण्यात रविवारी कसोटी’ असं छापलं तर लोक पाच दिवसांची तिकिटं शोधतील. सगळ्यात चपखल शब्द असा हातचा गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझं मत : नाव ‘क्रिटेरियम’च ठेवावं, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘छोट्या बंद मार्गावरची फेऱ्यांची शर्यत’ अशी ओळख द्यावी. बोलण्यात ‘क्रिट’ चालेल. एक सावधगिरी मात्र हवी. फ्रेंचमध्ये हा शब्द नुसत्या ‘स्पर्धे’लाही लागतो. १९४७ साली सुरू झालेली ‘क्रितेरिओम द्यु दोफिने’ आल्प्सच्या डोंगरांतून जाणारी अनेक टप्प्यांची शर्यत होती, ती या अर्थाने क्रिटेरियम नव्हे. बेल्जियममध्ये क्रिटेरियमसारखीच पण सहसा मोठ्या फेरीची ‘कर्मेस’ असते. तो शब्द ‘चर्चमधली प्रार्थना’ या अर्थाच्या जोडशब्दातून गावच्या जत्रेपर्यंत पोचला. तिला ‘जत्रेतली शर्यत’ म्हणायला मराठीला काहीच अडचण नाही, बैलगाडा शर्यतींमुळे ती कल्पना आपल्या घरचीच आहे. नावांच्या बाबतीत न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिलचं उदाहरण तर ऐकण्यासारखं आहे. १९४० पासूनची ही ५० मैलांची क्रिटेरियम ‘टूर ऑफ सॉमरव्हिल’ म्हणवते. सांगतात ते असं की, हमरस्त्यावर बक्षिसासाठी शर्यत लावायला तिथल्या कायद्याची मनाई होती, म्हणून ती ‘सहल’ झाली.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ती चुकली तर माणसं पडतात. ‘आपली रेषा धरून ठेवा’ वाचून नवा मुलगा काय समजेल? रस्त्यावरचा पांढरा पट्टा धरून चालवायचं! आणि तेच सगळ्यात धोक्याचं. रंगवलेला पट्टा ओला झाला की टायर घसरतो, चेंबरच्या लोखंडी झाकणाचंही तसंच. त्यावरून जावंच लागलं तर सायकल सरळ ठेवून जायचं, कलती ठेवून नाही. मूळ इंग्रजी सूचनेचा, ‘होल्ड युअर लाइन’चा, खरा अर्थ असा : वळणात शिरताना पुढच्याने जो वळसा घेतला त्याला समांतर आपला वळसा ठेवा, मध्येच आत-बाहेर सरकू नका.

एकटा स्वार कोपरा घेतो तेव्हा रस्त्याच्या बाहेरच्या कडेने येतो, वळणाच्या टोकाशी आतल्या कडेला लागतो आणि निघताना पुन्हा बाहेर जातो. असं केलं की वळण कमी तीव्र होतं आणि वेग टिकतो. पण घोळक्यात तुमच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. आतला गडी निघताना बाहेर फेकला गेला तर बाहेरच्याला जागा उरत नाही. बाहेरचा ऐनवेळी आत घुसला तर आतल्याचं पुढचं चाक अडकतं. या दुसऱ्या प्रकाराला मराठी रस्त्यावर तयार शब्द आहे : कट मारणे. रिक्षा, टँकर, मोटरसायकल सगळ्यांसाठी आपण तो वापरतो. ‘वळणात कट मारू नका’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, आणि ‘लाइन सोडू नका’ हेही. तिथे ‘रेषा’ शुद्ध असेल, पण उपयोगाची नाही.

वळण घेण्याची रीतही याच ओळीत सामावलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर. हात हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर, बोटं ब्रेकवर. ब्रेक कोपऱ्याच्या आधी, सायकल सरळ असताना. सायकल कलल्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक निसटतं, आणि तुमच्या मागचाही तुमच्यावर येऊन आदळतो. गिअर कोपऱ्याआधीच एक-दोन पायऱ्यांनी हलका करायचा, म्हणजे बाहेर पडताना पाय जड पडत नाहीत आणि ताणाखाली चेन उडत नाही. कलताना बाहेरचं पॅडल तळाला आणि शरीराचा भार त्याच्यावर. आतलं पॅडल खाली राहिलं तर ते रस्त्याला घासतं, मागचं चाक क्षणभर उचललं जातं आणि सायकल आडवी होते. याला सरळ ‘पॅडल घासणे’ म्हणावं. नजर पुढच्याच्या टायरवर नको, वळणातून बाहेर पडण्याच्या जागेवर हवी.

हे सगळं इतकं का महत्त्वाचं? कारण घोळक्याची शेपटी. पन्नास जण जोडीजोडीने चालले तर घोळका साधारण पन्नास-साठ मीटर लांब होतो. ताशी ४० किलोमीटरला शेवटची जोडी कोपऱ्यावर पाचेक सेकंदांनी पोचते. तेवढ्यात पुढचे कोपऱ्याबाहेर पडून पायाला जोर देत असतात, आणि मागे मात्र गर्दीमुळे ब्रेक लागून वेग २५ वर आलेला असतो. तिथून पुन्हा ४० गाठायचं. एक किलोमीटरच्या फेरीत चार कोपरे आणि चाळीस फेऱ्या धरल्या तर हा झटका १६० वेळा बसतो. ताकद असूनही माणूस मागे राहतो तो बहुधा यामुळेच. म्हणून पहिल्या दहा-पंधरांत राहायचं, आणि त्यासाठी सुरुवातीपासूनच तयार असायचं. निदान वीस मिनिटं पाय गरम न करता सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलेल्याला पहिल्या तीन फेऱ्याच महागात पडतात.

अशा माणसासाठी मराठीत ‘गळणे’ हे फार सुंदर क्रियापद आहे. ‘सहाव्या फेरीत तो गळाला.’ ‘ड्रॉप झाला’ची गरजच नाही. तसंच ‘ड्राफ्टिंग’ला ‘आडोसा’. वाऱ्याचा आडोसा घेणे ही बोलीतलीच गोष्ट आहे आणि इथे घडतंही नेमकं तेच : पुढच्याने हवा फोडायची, मागच्याने त्याच्या पाठीमागे दम राखायचा. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला बहुतेक जोर हवेविरुद्धच जातो, म्हणून चाकाला चिकटून राहिलेल्याचं खूप वाचतं. सरावलेले स्वार दोन चाकांमध्ये हातभर किंवा त्याहून कमी अंतर ठेवतात, नवख्याने सुरुवातीला सायकलभर ठेवावं. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक मात्र कधी नेऊ नये. दोन्ही चाकं एकमेकांना लागली की जवळजवळ नेहमी मागचाच पडतो. ‘पेलोटॉन’ म्हणजे मुळात छोटा चेंडू. त्यासाठी ‘घोळका’ पुरेसा आहे.

आता ‘प्राइम’. हा शब्द इंग्रजी नाही. फ्रेंच ‘प्रीम’ म्हणजे बक्षिसी, लॅटिन ‘प्रेमियम’वरून आलेली. विम्याचा हप्ता ‘प्रीमियम’ याच घरातला. इंग्रजी बोलणारे सायकलस्वारही ‘प्रीम’च म्हणतात, मग आपण ‘प्राइम’ कशाला करायचं? अर्थ सांगायला ‘बक्षीसफेरी’ हा जोडशब्द मी सुचवेन. पद्धत अशी : घोळका शर्यतीच्या अंतिम रेषेवरून जाताना घंटा वाजते, आणि पुढच्या वेळी जो पहिला रेषा ओलांडेल त्याला बक्षीस. शर्यत पुढे चालूच राहते. इथे नवखे दोनदा फसतात. एक, शेवटच्या फेरीलाही घंटाच वाजते, म्हणून उरलेल्या फेऱ्यांचा फलक पाहिल्याशिवाय सगळा जोर काढू नये. दोन, बक्षिसासाठी जीव काढलेले दोघे-तिघे रेषेनंतर दम घेतात, आणि जाणकार नेमका तेव्हाच घोळक्यातून फुटून निघतो.

शेवटच्या धावेचं गणितही कोपराच ठरवतो. शेवटच्या कोपऱ्यापासून रेषा २०० मीटरवर असेल तर त्या कोपऱ्यातून पहिल्या तीन-चारांत बाहेर पडणं भाग आहे, मागून येऊन गाठायला रस्ताच उरत नाही. तेच अंतर ४०० मीटर असेल तर पहिला निघालेला वाऱ्यात जळतो आणि आडोशातून आलेला जिंकतो.

‘फ्री लॅप’ला ‘मोफत फेरी’ म्हणू नका, ‘सवलतीची फेरी’ म्हणा. पंक्चर झालं, सायकलचा भाग मोडला किंवा पडलात, तर ठरलेल्या जागी थांबून दुरुस्ती करायची आणि एका फेरीनंतर आपल्याच गटाच्या शेपटीला लागायचं. अमेरिकी नियमांत शेवटच्या ८ किलोमीटरमध्ये ही सवलत मिळत नाही, आणि नट नीट आवळला नव्हता म्हणून चाक सैल झालं तर तीही तुमचीच चूक धरतात.

तेव्हा पत्रकातल्या तीन ओळी मी अशा लिहीन : ‘नवोदितांसाठी क्रिटेरियम : १ किलोमीटरच्या बंद मार्गावर २० फेऱ्या. वळणात आपली लाइन सोडू नका, कट मारू नका. प्रीमची घंटा वाजली की पुढची फेरी रोख बक्षिसाची. शर्यत मात्र विसाव्या फेरीलाच संपेल.’