कोपरावर आलेलं अंडं

प्रश्न : डॉक्टरबाई, मी हर्णैचा. वय 52. तीस वर्षं बोटीवर आहे, त्यातली बारा तांडेल म्हणून, सुकाण माझ्या हातात. मे संपता संपता डाव्या ढोपराच्या टोकावर सूज आली, आता कोंबडीच्या अंड्याएवढी झालीय. हात वरखाली होतो, पण कुठे टेकला की कळ येते. घरात निगडीचा पाला गरम करून बांधतात. एक जण म्हणतो, सुईने पाणी काढून टाक. दुसरा म्हणतो, कापावंच लागेल. मला शुगर आहे, गोळी चालू आहे. 1 ऑगस्टला बोटी सुटतील. गाठ वाईट नाही ना? फोटो पाठवतोय.

उत्तर : तांडेलभाऊ, फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. आमच्याकडे ढोपर म्हटलं की निम्मी माणसं गुडघा दाखवतात.

तुमची सूज बरोबर कोपराच्या हाडाच्या टोकावर आहे. तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. एरवी ती चपटी असते, आत जेमतेम थेंबभर बुळबुळीत पाणी. त्यामुळे कातडी हाडावरून सहज सरकते. त्या जागेवर रोज दाब पडत राहिला की पिशवीचं अस्तर चिडतं आणि पाणी सोडू लागतं. तुमच्या कोपराची कातडी काळी, जाड झालेली दिसते. केबिनच्या खिडकीच्या लाकडावर डावं कोपर टेकून तासन् तास सुकाण धरता ना? खालून इंजिनची थरथर चालूच. आणि पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत जाळी शिवताना, दुपारी जरा कलंडताना, पुन्हा तेच कोपर जमिनीला.

ही पिशवी सांध्याच्या बाहेर असते, म्हणूनच तुमचा हात चालतोय. सांधा सुजला असता तर हात सरळ करतानाही अडला असता. अगदी टोकावर आलेली अशी मऊ, पाण्याने भरलेली सूज सहसा वाईट निघत नाही. ती भीती मनातून काढा. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

वीस वर्षांपूर्वी चिरेखाणीवरचा एक माणूस असंच कोपर घेऊन माझ्याकडे आला होता. सूज थंड होती, लाली नव्हती. रोजंदारी बुडते म्हणून तो काकुळतीला आला आणि मी तिथल्या तिथे सिरिंजने पाणी काढून दिलं. त्याला हायसं वाटलं, मलाही. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा हात मनगटापर्यंत लाल, अंगात ताप आणि पिशवीत पू. मोठ्या रुग्णालयात नेऊन ती उघडून धुवावी लागली. त्याचा दीड महिना गेला. घाई माझी होती, भोगलं त्याने. तेव्हापासून थंड, न दुखणाऱ्या सुजेत मी सहज म्हणून सुई घालत नाही. पाणी बहुतेकदा पुन्हा भरतंच, वर जंतूंना वाट मिळते. घरच्या सुईने टोचायचं तर मनातही आणू नका.

पण सूज लाल झाली, तापली, तर मात्र सुई लगेच हवी. पाणी काढून तपासल्याशिवाय जंतू आहेत की नाहीत, युरिक अ‍ॅसिडचे खडे आहेत का, ते कळत नाही. बहुतेक वेळा जंतू आपल्या कातडीवरचाच असतो, स्टॅफिलोकोकस. तुमचं मात्र वेगळं आहे. फोटोत सुजेच्या खाली एक ओरखडा दिसतो. शिंगाळ्याचा काटा लागला होता का? की कोळंबीचा? समुद्राच्या पाण्यातले आणि मासळीवरचे काही जंतू अशा ओरखड्यातून शिरतात. त्यातला एक फार सावकाश वाढतो, आणि प्रयोगशाळेत त्याला साधारण 30 अंशांची ऊब लागते, नेहमीच्या 37 मध्ये तो नीट वाढत नाही. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच सांगा, ‘मी मासेमारी करतो, इथे खरचटलं होतं.’

या ओरखड्यामुळे आणि शुगरमुळे याच आठवड्यात हात दाखवून घ्या. रक्तातली साखर, युरिक अ‍ॅसिड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासा. पूर्वी कधी रात्री पायाचा अंगठा सुजून ठणकला असेल तर तेही सांगा, ते युरिक अ‍ॅसिडचं लक्षण असू शकतं. कोपरावर पडला असाल तर एक्स-रे हवा. दुकानातून दुखण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, मूत्रपिंड आधी बघायला हवं. सुजेत स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर थोडं थांबा. त्याने साखर चढते आणि तिथली कातडी पातळ पडते. कापायची वेळ क्वचितच येते, आणि त्या जागेची जखम लवकर भरत नाही.

निगडी घरातल्यांनी मायेने बांधली, पण गरम पाला आता पुरे. कातडी पोळली तर जंतूंना आणखी एक दार उघडेल. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा लावा. मासळीवरचा बर्फ नको, घरचा स्वच्छ घ्या.

खरा उपाय मात्र दाब काढण्यात आहे, आणि त्याची युक्ती तुमच्याच घरात आहे. पाटी डोक्यावर घेताना बायका चुंबळ ठेवतात ना, तशीच मऊ सुती कापडाची छोटी चुंबळ वळा. मधलं भोक सुजेपेक्षा बोटभर मोठं ठेवा. सूज त्या भोकात बसली पाहिजे, भार कडेवर आला पाहिजे. वरून चार इंची क्रेप बँडेज, मनगट आणि कोपर यांच्या मध्यापासून दंडाच्या मध्यापर्यंत, खाली एक बोट सहज सरकेल इतकंच घट्ट. करंगळीला मुंग्या आल्या तर लगेच सोडा, कोपराच्या आतल्या बाजूने तिची नस जाते. झोपताना काढून ठेवा. केबिनच्या लाकडावरही जाड फोम ठोकून घ्या, तुमच्या मागून जो तांडेल बसेल त्यालाही उपयोगी पडेल.

सूज ओसरायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. रोज दाबून बघू नका.

आता 1 ऑगस्टचं. डॉक्टरांनी बघितलं, सूज थंड आहे, ओरखडा सुकलाय, तर चुंबळ बांधून जायला हरकत नाही. पण आठ-आठ दिवस बाहेर राहू नका, पहिल्या फेऱ्या जवळच्या करा. रोज सकाळी उलट्या हाताने दोन्ही कोपरं चाचपा. डावं जास्त गरम लागलं, लाली आली, दुखणं वाढलं, थंडी वाजली, तर लालीभोवती बॉलपेनने रेघ काढा आणि बोट किनाऱ्याकडे वळवा. ताप आला नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला दुसरा फोटो पाठवा, उजेडात, दोन्ही कोपरं शेजारी शेजारी ठेवून.