हल्ला झाला की संसद मागे का पडते, आणि गेलेलं परत मिळतं का

तुम्ही विचारलंय की युद्ध नाहीतर अतिरेकी हल्ला झाला की सरकार एवढं भारी कसं होतं, संसद तेव्हा काय करत असते आणि नंतर सगळं जागेवर येतं का. शेवटचं आधी सांगतो. आपोआप येत नाही, कायद्यात मुदत घातली असेल तर येण्याची शक्यता.

लोकांना वाटतं सरकार रातोरात बांध सरकवतं. तसं कमीच होतं हो, बहुतेक वेळा संसदच स्वतःच्या हातानं दगड उचलून देते, कारण गुप्त माहिती सरकारकडे, फौज सरकारकडे, आणि त्या आठवड्यात विरोधात हात वर करणारा थेट देशद्रोही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर तिसऱ्याच दिवशी लष्कर वापरायचा ठराव आला, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १, त्या एकट्या बार्बरा ली. ठरावात ना देशाचं नाव ना शेवटची तारीख, मग पुढचे राष्ट्राध्यक्षही तोच कागद दाखवत राहिले. बरं, व्हिएतनामच्या अनुभवानं १९७३ ला राष्ट्राध्यक्ष निक्सनचा नकाराधिकार मोडून तिथल्या संसदेनं, तिच्या परवानगीशिवाय लष्कर लढाईत ठेवायला ६० दिवसांची मर्यादा घालणारा कायदा केला होता, तरी ही गत!

आपल्याकडे १९६२ ला, चीनच्या युद्धात, संसद अगदीच झोपलेली नव्हती. २६ ऑक्टोबरला आणीबाणी लागली, वाजपेयींनी अधिवेशन लवकर बोलवा म्हटलं, नेहरूंनी ऐन लढाईत ८ नोव्हेंबरला बोलावलं, आणि संरक्षणमंत्री राहिलेले कृष्ण मेनन आदल्याच दिवशी मंत्रिमंडळातून गेले, तेही काँग्रेसच्याच खासदारांच्या दबावानं. पण गोळीबार नोव्हेंबरातच थांबला आणि आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालू! १९७१ च्या युद्धाची तर १९७५ लाही उठलेली नव्हती, तिच्यावरच दुसरी चढवली. मग लोकसभेनं स्वतःचीच मुदत दोनदा वाढवून घेतली, आमच्या राजापूरचे खासदार मधु दंडवते तेव्हा तुरुंगात होते.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं बरंच बांधून घेतलं. मंत्रिमंडळाचा सल्ला लेखी पाहिजे, महिन्याभरात दोन-तृतीयांश बहुमत, दर सहा महिन्यांनी परत मंजुरी. त्यानंतर राष्ट्रीय आणीबाणी लागलेलीच नाही, पण माझ्या मते सरकारांना तिची गरजच उरली नाही, साधे कायदे पुरतात.

आमच्या श्रीवर्धनजवळ शेखाडीला १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, त्या खटल्याला टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागला. टाडाचा गैरवापर भरपूर झाला, पण त्याला दोन वर्षांची मुदत होती, दर वेळी सरकारला संसदेपुढे यायला लागायचं, आणि १९९५ ला मुदत वाढली नाही नि तो संपला (चालू खटले त्याखालीच चालले ते वेगळं). २००२ चा पोटा हा तसाच कायदा राज्यसभेनं फेटाळला म्हणून संयुक्त बैठक घेऊन पास केला, पण त्यालाही तीन वर्षांची मुदत होतीच. २००४ ला तो रद्द केला म्हणून लोक खूश झाले, आणि तेव्हाच त्यातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीए या बेकायदेशीर कारवायांविरुद्धच्या कायद्यात गेल्या, ज्याला मुदतच नाही. इथे खरी मेख आहे. २६/११ नंतर त्यातच आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडीची सोय आली, डिसेंबर २००८ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पास.

किनाऱ्यावर मच्छीमारांची ओळखपत्रं, बोटींचे ठरवून दिलेले रंग, तपासण्या आल्या त्याबद्दल माझी कुरकुर नाही, समुद्रातून काय येऊ शकतं ते इकडे सगळ्यांना माहितीय. माझा मुद्दा एवढाच की टाडाच्या वेळी दर दोन वर्षांनी बहुमत सरकारला गोळा करायला लागायचं, आता कायदा मागे घ्यायचा तर ते विरोधकांनी आणायचं. नाहीतर मग खाजगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, आणि १९७० नंतर तसं एकही संसदेतून पार झालेलं नाही.